लाटणे कोणत्या झाडाचे?

धायरीतल्या एका भांड्यांच्या दुकानातून आम्ही दोन स्वस्त लाटणी आणली. दोन्हींचा रंग तपकिरी. दुकानदाराच्या मते दोन्ही ‘सागवानी’. पण एक हाताला चांगलेच जड लागत होते, दुसरे हलके. मग सागाचे कोणते?

रंगावर विसंबता येत नाही. पॉलिशने कोणतेही लाकूड तपकिरी होते आणि सागाचेसुद्धा बाहेरचे लाकूड फिकटच असते. म्हणून आधी वजन पाहू. लाटणे ग्रॅममध्ये तोला. काठोकाठ भरलेल्या पाण्यात ते सुईने दाबून पूर्ण बुडवा आणि सांडलेले पाणी मिलिलिटरमध्ये मोजा. वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

लाकडाच्या पेशीभित्तिकेची घनता सर्व झाडांत जवळजवळ सारखीच, सुमारे १.५ असते. तरीही लाकूड तरंगते, कारण पेशींच्या पोकळ्यांत हवा असते. पोकळी जास्त तितके लाकूड हलके. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरत आलेला पांगारा सुमारे ०.३, साग ०.६५, बाभूळ ०.८च्या आसपास. अंजनाचे लाकूड तर पाण्यात बुडते.

आमचे हलके लाटणे ०.६ भरले, जड ०.८. हलके सागाचे म्हणावे, तर आंब्याचे लाकूडही साधारण एवढेच भरते. म्हणजे वजन पुरेसे नाही. पोकळ्यांची मांडणी पाहायला हवी.

लाटण्याचे टोक म्हणजे खोडाचा आडवा छेदच. नव्या ब्लेडने टोकाचा पातळ काप काढा (हे काम शिक्षकांनी करावे), उघडी पडलेली जागा ओली करा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. बारीक छिद्रे दिसतील. त्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या. साग कोरड्या दिवसांत पाने गाळतो, त्याची वाढ थांबते. नवी वाढ सुरू होताना तो मोठ्या वाहिन्या तयार करतो, पुढे लहान. म्हणून दरवर्षीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. आंबा आणि बाभूळ यांच्यात छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात. खोक्यांच्या पाइनमध्ये तर अशा वाहिन्याच नसतात.

आमच्या दोन्ही लाटण्यांत छिद्रे विखुरलेली होती. म्हणजे साग एकही नाही! मग जड लाटणे बाभळीचे का? असू शकेल, पण तशी घनता आणि तशी छिद्रे इतर झाडांतही सापडतात. ‘हे साग नाही’ हे भिंग सांगते; ‘हे बाभूळच’ म्हणायला सूक्ष्मदर्शक आणि नाव माहीत असलेले नमुने लागतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत असा मोठा संग्रह आहे.

शाळेतही छोटा संग्रह करता येईल. छाटणी झालेल्या ओळखीच्या झाडांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या वाळवा, नावे लिहा, टोके तासा. मग विद्यार्थ्यांना घरचे लाटणे आणायला सांगा. उत्तर आधी सांगू नका. तुम्हालाही ते माहीत नसेल, आणि तीच गंमत आहे.