शोधनिबंधातील संदर्भ आणि सॉफ्टवेअरची निवड

शोधनिबंध लिहिणाऱ्या वैद्यास, तसेच औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांच्या आधारे शास्त्रोक्त कल्प बनविणाऱ्या फार्मसीचालकास, अचूक ग्रंथसंदर्भ अपरिहार्य असतो. संदर्भ जतन करण्यासाठी झोटेरो, मेंडेली व एंडनोट ही सॉफ्टवेअर प्रचलित आहेत. पहिली दोन विनामूल्य मिळतात; एंडनोट सशुल्क आहे.

पबमेडवरील लेखांचा तपशील या तिन्हींत सहज घेता येतो. संहितांची नोंद मात्र बहुधा स्वहस्ते करावी लागते. चरकसंहितेची नोंद करताना टीका, संपादक, प्रकाशक व आवृत्तिवर्ष अवश्य लिहावे. कारण श्लोकक्रमांक आवृत्तीनुसार बदलू शकतात. झोटेरोमध्ये संदर्भ देताना पृष्ठाऐवजी अध्याय वा श्लोक यांचा क्रमांक देण्याची सोय आहे. म्हणून संहिताधारित लेखनासाठी आम्ही झोटेरोची शिफारस करतो.

मेंडेलीच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीचे वितरण सप्टेंबर २०२२ पासून बंद झाले. साधन बदलले तरी आपला संग्रह टिकावा, यास्तव कोणतेही सॉफ्टवेअर निवडले तरी दरमहा आरआयएस स्वरूपातील प्रत वेगळी जतन करावी. निबंध पाठविण्यापूर्वी प्रत्येक श्लोक मूळ ग्रंथात पडताळून पाहावा. ते काम कोणतेही सॉफ्टवेअर करीत नाही.