वायर मधे जळत नाही, टोकाला जळते: घरासाठी तांबं की ॲल्युमिनियम?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणला आत्याकडे गेलो होतो. गीझर लावला की बाथरूमबाहेर हलका जळकट वास यायचा. आत्या म्हणाली, "अरे, येतो तो अधूनमधून. एमसीबी पडत नाही ना, मग कशाला काळजी?" तरी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला. सॉकेटचं प्लास्टिक मागच्या बाजूने तपकिरी झालेलं, आणि स्क्रूखाली चंदेरी वायर. घर जुनं, लाकडी पट्टीवरचं वायरिंग, सगळं ॲल्युमिनियमचं. काका म्हणाले, "ताई, हा स्क्रू गेल्या वर्षी मीच आवळला होता. बघा, परत ढिला."

परत ढिला का झाला, आणि एमसीबी का पडला नाही, हे दोन प्रश्न डोक्यातून जाईनात.

आधी धातूंची ओळख उरकून टाकू. वीज सगळ्यात सहज वाहते चांदीतून. पण चांदी भिंतीत कोण घालणार? (घातली होती म्हणा एकदा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून अमेरिकेने अणुबॉम्ब प्रकल्पातल्या प्रचंड विद्युतचुंबकांसाठी सरकारी तिजोरीतली १३ हजार टनांहून जास्त चांदी वापरली. युद्धानंतर परत केली.) चांदीच्या पाठोपाठ तांबं. तांब्याची वाहकता १०० धरली तर ॲल्युमिनियमची ६१ च्या आसपास.

मग ॲल्युमिनियम वाईट का? नाही. तेवढीच वीज न्यायला त्याची वायर जाड लागते, साधारण १.६ पट क्षेत्रफळाची. पण ॲल्युमिनियम इतकं हलकं आहे की ती जाड वायरसुद्धा वजनाला तांब्याच्या निम्मी भरते. म्हणूनच हायवेच्या कडेला टॉवरवर लोंबणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात, आत ताकदीसाठी पोलाद. खांबावरून मीटरपर्यंत येणारी जाड केबलही बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचीच असते, आणि तिथे ते चालतं. तिथे जोड मोजके असतात, नीट दाबून बसवलेल्या लग्जचे असतात.

घरात उलटं असतं. वायर बारीक आणि जोड शेकड्याने. प्रत्येक स्विच, प्रत्येक सॉकेट, प्रत्येक होल्डर म्हणजे दोन-तीन स्क्रू. आणि ॲल्युमिनियमचं सगळं दुखणं या स्क्रूखाली आहे.

एक म्हणजे, हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. तो वीज वाहू देत नाही. तांब्यावरही थर चढतो, पण तो इतका अडवत नाही. दुसरं, गरम झालं की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. गीझर चालू, वायर फुगली. गीझर बंद, आकसली. रोज. शिवाय धातू मऊ, त्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू बाजूला सरकतो. काकांचा स्क्रू ढिला पडला तो असा. त्यात कोकणातली दमट हवा. स्क्रू पितळी, वायर ॲल्युमिनियमची आणि मधे ओल, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

आता एमसीबी. दोन किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो. समजा त्या ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास ४० वॅट उष्णता एका स्क्रूच्या टोकावर. मोबाइलवाल्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! आणि एमसीबीला दिसतो फक्त ९ अँपिअर करंट, अगदी नेहमीसारखा. तो कशाला पडेल? त्याचं काम वायरमधला जादा करंट ओळखणं. स्क्रू तापलाय हे त्याला कळायला मार्गच नाही. त्यामुळे वास, पिवळं पडलेलं स्विच, हाताला कोमट लागणारी प्लेट, लुकलुकणारा दिवा, हीच काय ती सूचना.

अमेरिकेने हे फार महागात शिकलंय. तांबं महागलं म्हणून साधारण १९६५ ते १९७३ या काळात तिथल्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग झालं. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेजमध्ये एका घराला आग लागून दोन माणसं गेली. कारण निघालं सॉकेटपाशी सदोष झालेला ॲल्युमिनियमचा जोड. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरांत एखादा जोड धोकादायक तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट निघाली.

तर नवीन घर किंवा रिनोव्हेशन असेल तर आतलं वायरिंग तांब्याचंच करा, अर्थिंगच्या वायरसकट. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर सॉकेटला २.५, एसी आणि मोठ्या गीझरला ४, हा सर्वसाधारण हिशेब.

पण 'तांबं' म्हणून विकली जाणारी प्रत्येक वायर तांब्याची नसते बरं का. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात मिळते. टोक सोलून ब्लेडने खरवडा. बाहेर लाल, आत पांढरी दिसली तर परत करा. (बाहेर पांढरी, आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं. घाबरू नका.) दुसरी परीक्षा वजनाची. १.५ ची ९० मीटरची कॉइल घेतली तर त्यात नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास भरायला हवं, वरचं प्लास्टिक वेगळं. तेवढंच ॲल्युमिनियम चारशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. आणि वेष्टणावर आयएसआय मार्कसोबत 'आयएस ६९४' आणि लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, फोन हातातच असतो.

भाड्याच्या किंवा जुन्या घरात ॲल्युमिनियम असेल आणि सगळं बदलणं परवडत नसेल तर? काकांनी आत्याकडे केलं तेच. गीझर आणि इस्त्रीच्या लाइन आधी बदलल्या, मेन बोर्डापासून थेट तांब्याच्या. उरलेल्या ॲल्युमिनियमवर फक्त दिवे-पंखे. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली: तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळायची नाही. जोडायचेच असतील तर दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर वापरायचा.

आत्याने जळका सॉकेट फेकला नाही. फ्रिजवर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.