एका ‘कोल्हापूर’चे २८ बाइट

‘कोल्हापूर’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाचा हिशेब निराळा आहे. युनिकोडमध्ये काना, ओकार, उकार, हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते, त्यामुळे शब्द ९ चिन्हांचा होतो. यूटीएफ-८मध्ये यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे २७. शब्द संपल्याची खूण म्हणून सी भाषा शेवटी एक शून्य बाइट ठेवते. एकूण २८. तो शेवटचा बाइट मोजायला विसरलात, तर शेजारच्या जागेत अतिक्रमण झालेच.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या या भाषेत मेमरी ‘मॅलॉक’ने मागायची आणि ‘फ्री’ने परत करायची. आपल्यामागे आवरायला कोणी येत नाही.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांची यादी वाचायची आहे. सलग मजकुराचे तुकडे पाडून त्यांची रचना ओळखणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. ‘फ्लेक्स’ने बनवलेला वाचक करवीर, कागल हे शब्द नुसते दाखवतो, पुढचा शब्द आला की आधीच्या जागेचा भरवसा नाही. म्हणून ‘स्ट्रडप’ने प्रत घ्यायची. प्रत घेतली की ती सोडण्याची जबाबदारीही आपली, आणि यादी बिनचूक असेल तर बहुतेक जण ती पाळतात. गळती होते ती सातव्या तालुक्यापाशी स्वल्पविराम चुकल्यावर. पार्सर चूक सांगून मागे फिरतो, आधीच्या सहा प्रती पडून राहतात. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेते, म्हणून छोट्या कामात हा दोष लपतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र २८ बाइट १० लाख वेळा सांडले की २ कोटी ८० लाख होतात.

टाकून दिलेले तुकडे सोडवण्यासाठी पार्सर बनवून देणाऱ्या ‘बायसन’मध्ये ‘डिस्ट्रक्टर’ची सोय आहे. मला त्याहून ‘अरीना’ पद्धत भावते. गुऱ्हाळावर आदण तयार झाले की अख्खी काहील एकदम रिकामी करतात. तसेच एका यादीच्या साऱ्या प्रती एकाच मोठ्या जागेत ठेवायच्या आणि काम संपो वा फसो, ती जागा एकदाच सोडायची. जो शब्द पुढे लागणार, त्याची प्रत मात्र आधीच बाहेर काढा. सोडलेल्या जागेतला शब्द वापरणे हे गळतीपेक्षाही घातक.

‘व्हॅलग्रिंड’ने गळती तपासताना पार्सरला नीटनेटकी यादी देऊन थांबू नका. मुद्दाम मोडकी यादीही द्या.