वैतरणा समुद्रापर्यंत वाहती राहावी

आपल्या वसई तालुक्याच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आहे आणि उत्तरेस वैतरणा. विरारहून सफाळ्याकडे जाताना रेल्वे जिचे विस्तीर्ण पात्र ओलांडते आणि जी अर्नाळ्याच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्राला मिळते, तीच ही नदी. मासेमारी, मिठागरे, भातशेती आणि होडीचा प्रवास या साऱ्यांतून अनेक पिढ्यांचे जीवन तिच्याशी जोडले गेले आहे. ती पुढच्या पिढ्यांच्या हाती कोणत्या स्थितीत जाईल, याचा विचार आज करावयास हवा.

नदीचे रक्षण म्हटले की काठावरचा कचरा उचलण्याचे चित्र आपल्यापुढे उभे राहते. स्वच्छता आवश्यकच आहे. परंतु नदी जिवंत राहण्यासाठी त्याआधी दोन गोष्टी लागतात. पात्रातून वाहणारे पाणी ही पहिली आणि पात्रात राहणारी वाळू ही दुसरी. वैतरणेच्या बाबतीत या दोहोंवर मोठा ताण आहे.

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वराच्या डोंगररांगेत गोदावरी आणि वैतरणा या दोन्ही नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेला वळते, तर वैतरणा पश्चिमेला येते. वाटेत पिंजाळ, देहरजा, सूर्या आणि तानसा या नद्या तिला मिळतात. याच खोऱ्यावर मुंबईची तहान बऱ्याच अंशी भागते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. त्यानंतर १९५० च्या दशकात मोडकसागर, १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा ही धरणे उभी राहिली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी चार या एकाच खोऱ्यात आहेत. सूर्येचे पाणीही आता शहरांकडे वळते आहे. वसई-विरार व मीरा-भाईंदर यांसाठी आखलेल्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर एवढी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील नळाला याच खोऱ्याचे पाणी येते.

शहरांना पाणी नको, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मोखाडा व शहापूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात खरी ठरते, हेही विसरता येत नाही. दुसरा परिणाम नदीच्या मुखाशी दिसतो. वरून येणारे गोडे पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटत असते. हा रेटा कमी झाला की खारे पाणी पात्रात अधिक आत शिरते आणि काठच्या शेतजमिनीला व विहिरींना त्याची झळ पोहोचते. वसईच्या किनारपट्टीत विहिरी खाऱ्या होण्यास भूजलाचा बेसुमार उपसा आणि बुजविलेली बावखले हीही मोठी कारणे आहेत. बावखलात साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. आपल्या पूर्वजांनी खणलेली बावखले म्हणूनच केवळ शोभेची तळी नव्हेत.

आता वाळूविषयी. वाळू म्हणजे नदीत फुकट पडलेला माल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात वाळूचा थर काठाला आधार देतो, पाणी गाळून जमिनीत मुरवितो आणि प्रवाहाचा वेग आवरतो. ड्रेजर किंवा सक्शन पंप लावून तळ खरवडला की पात्र खोल होते आणि काठ ढासळू लागतात. काठ ढासळले की तिवरांची मुळे उघडी पडतात. याच तिवरांच्या आश्रयाला बोय, जिताडा यांसारख्या माशांची पिल्ले वाढतात. खाडीतील वाढीव बेटाचे ग्रामस्थ जमिनीची धूप होत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आहेत. रेल्वे पुलांच्या पायालाही या उपशामुळे धोका संभवतो, म्हणून पुलांच्या परिसरात उत्खननास मनाई आहे. तरीही चोरट्या उपशावरील कारवाईच्या बातम्या आपण वारंवार वाचतो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी पिण्यायोग्य पाणी हा मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा प्रश्न मांडला. जी पृथ्वी आपल्याला मिळाली, ती पुढे येणाऱ्यांचीही आहे. हा विचार वैतरणेला लावला, तर आपल्या वाट्याची कामे स्पष्ट दिसतात.

पहिले काम वाळूचे. घर, सभागृह किंवा शाळेचे बांधकाम करताना वाळू कोठून आली हे विचारावे, वाहतुकीचा परवाना पाहावा आणि शक्य तेथे कृत्रिम वाळू वापरावी. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने तिच्या वापरासाठी धोरणही स्वीकारले आहे. स्वस्त वाळूची खरी किंमत काठावरचा कोळी आणि शेतकरी मोजतो. दुसरे काम पाण्याचे. प्रत्येक धर्मग्रामात किती बावखले उरली आहेत याची नोंद करावी, त्यांतील गाळ काढावा आणि छतावरील पावसाचे पाणी त्यांत किंवा विहिरीत सोडावे. आपण येथे जेवढे पाणी मुरवू, तेवढा दूरच्या धरणावरील भार हलका होईल. तिसरे काम नागरिक म्हणून करावयाचे आहे. धरणातून नदीसाठी वर्षभर किमान प्रवाह सोडला जावा आणि धरणालगतच्या पाड्यांना प्रथम पाणी मिळावे, ही मागणी ग्रामसभेत व लोकप्रतिनिधींपुढे सातत्याने मांडली पाहिजे.

नदी एका दिवसात मरत नाही. ती प्रत्येक उन्हाळ्यात थोडी आटते आणि प्रत्येक पावसाळ्यात थोडा काठ गमावते, त्यामुळे तिचा ऱ्हास चटकन लक्षात येत नाही. आपल्या नातवंडांना अर्नाळ्याच्या मुखाशी जाळे टाकता यावे आणि काठच्या विहिरीचे पाणी गोडे लागावे, असे वाटत असेल, तर त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेले पाणी समुद्रापर्यंत पोहोचू दिले पाहिजे.