'कलम ३/२५' म्हणजे नेमकं काय? जुनं पिस्तूल, गावठी कट्टा आणि रीलचा शौक : कायदा काय म्हणतो, समजून घ्या

चोपडा : तालुक्यात आठ-पंधरा दिवसांत एखादी तरी बातमी येतेच. 'गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसांसह तरुण ताब्यात, शस्त्र अधिनियम कलम ३/२५ प्रमाणे गुन्हा दाखल.' मोबाईलवर बातमी वाचली जाते, चार ग्रुपवर पाठवली जाते आणि विषय संपतो. पण हे ३/२५ काय आहे, किती वर्षं आत जावं लागतं, आणि घरात आजोबांच्या काळातलं एखादं जुनं हत्यार असेल तर काय करायचं, हे पारावर कोणाला विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात. म्हणून ही सविस्तर माहिती.

चोपड्यालाच का एवढं?

सातपुड्याच्या कुशीतलं उमर्टी हे आपल्या तालुक्याचं सीमेवरचं गाव. पलीकडचं पार उमर्टी मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात येतं. त्या भागात पिढ्यान् पिढ्या लोखंडकाम करणारा शिकलगार समाज आहे. हत्याराला धार लावणं, पाणी देणं, चकाकी आणणं ही त्यांची जुनी कला. राजेरजवाडे गेले, तलवारीचं काम संपलं, आणि त्यातल्या काहींच्या भट्टीत देशी पिस्तुलं बनू लागली. सगळा समाज किंवा सगळं गाव गुन्हेगार नाही, हे इथं स्पष्ट लिहायला हवं. त्या नावामुळे शेती आणि मजुरी करून पोट भरणाऱ्यांनाही संशयाने पाहिलं जातं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच भागात कारवाईला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला. एका पोलीस कर्मचाऱ्याला सीमेपलीकडे पळवून नेलं होतं, नंतर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांचं मोठं पथक पलीकडे जाऊन धडकलं आणि पिस्तुलं बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्यात गोळी सुटते आणि तिचा माग सातपुड्यात निघतो, अशी ही साखळी आहे. या साखळीत मधली कडी कोण? बऱ्याचदा आपल्याच भागातला, मोटारसायकलवर 'फक्त एक पार्सल पोहोचवून दे' म्हटल्यावर तयार होणारा पोरगा.

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि कट्टा

कट्टा म्हणजे बहुधा एका वेळी एकच काडतूस बसणारं देशी हत्यार. रिव्हॉल्व्हरला फिरणारी चकरी असते, तिच्यात काडतुसं बसतात. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असतं. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडून पुढचं काडतूस आपोआप वर येतं. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ते पूर्ण ऑटोमॅटिक. ते सामान्य माणसाला कुठल्याच परवान्यावर मिळत नाही.

ही पिस्तुलं सव्वाशे वर्षं जुनी आहेत. अमेरिकेचे जॉन ब्राउनिंग यांनी केलेली रचना १९०० च्या सुमारास बेल्जियमच्या कारखान्यात बनू लागली. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही ती आहे. लंडनहून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याकरवी पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. त्यातल्याच पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. चंद्रशेखर आझाद यांचं कोल्ट पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. भगतसिंग यांचं पॉईंट ३२ चं कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात होतं. ते त्यांचंच असल्याचं अलीकडे लक्षात आलं आणि मग ते पंजाबात हुसैनीवाला इथं नेलं.

जगात अशी जुनी पिस्तुलं जमवणारे, त्यांची मूठ बदलून, पॉलिश करून ठेवणारे शौकीन खूप आहेत. अमेरिकेतले त्यांचे व्हिडिओ आपल्या पोरांच्या मोबाईलवर रोज येतात. खरी गफलत इथंच होते. तिथला कायदा वेगळा, आपला वेगळा.

कलम ३ आणि कलम २५

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. त्याचं कलम ३ सांगतं, की परवान्याशिवाय कोणीही बंदूक, पिस्तूल किंवा काडतूस घेऊ नये, जवळ ठेवू नये, सोबत बाळगू नये. नुसतं एक काडतूस खिशात सापडलं तरी गुन्हा होतो. कलम २५ मध्ये शिक्षा आहे. म्हणून बातमीत '३/२५' असं लिहिलेलं असतं.

डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढल्या. आज स्थिती अशी :

- विनापरवाना साधं पिस्तूल किंवा कट्टा बाळगणे : कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड.
- बनवणे, विकणे, दुसऱ्याला देणे, परवान्याशिवाय दुरुस्त करणे, नळी कापून आखूड करणे किंवा खेळण्यातल्या पिस्तुलाचं खरं बनवणे : कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.
- प्रतिबंधित शस्त्र बाळगणे : ७ ते १४ वर्षं.
- लग्नात, वरातीत बेफिकीरपणे हवेत गोळीबार : २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथं परवाना असला तरी सुटका नाही.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. शौक म्हणून कट्टा घेतला आणि भीती वाटली म्हणून मित्राला विकून टाकला, तर माणूस दोन वर्षांच्या कलमातून सात वर्षांच्या कलमात जातो. पार्सल पोहोचवणाऱ्यालाही 'मला माहीत नव्हतं' हे कोर्टात सिद्ध करताना घाम फुटतो.

आणखी एक, कलम ३५. घरात किंवा गाडीत शस्त्र सापडलं आणि तिथं राहणाऱ्या किंवा बसलेल्या इतरांना ते माहीत होतं असं दिसलं, तर जबाबदारी त्यांच्यावरही येते. पोराने कोठीत कट्टा लपवला आणि बापाने पाहून डोळे झाकले, तर बापही अडकू शकतो.

'मॉडिफाय' करायचा शौक

मोटारसायकलचा सायलेन्सर बदलावा तसं पिस्तुलाचं काम करता येत नाही. नळी, बोअर किंवा शस्त्राचा प्रकार बदलायला कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना हवा, गावातल्या लेथवाल्याकडे हे काम देणं म्हणजे त्यालाही सोबत घेऊन बुडणं. पिस्तुलावरचा नंबर खोडणं, घासणं, बदलणं कलम ८ ने बंद आहे. आवाज दाबणारं सायलेन्सर आणि शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे पूर्ण पिस्तूल नाही, 'फक्त पार्ट' मागवले, ही पळवाट चालत नाही.

आजोबांच्या पेटीत पिस्तूल सापडलं तर?

जुने वाडे पाडताना, वाटणी होताना असं घडतं. लोकांचा समज असा, की जुनं, गंजलेलं हत्यार म्हणजे भंगार, त्याला परवाना कशाला? कायद्यात सवलत आहे, पण ती नीट वाचावी. कलम ४५ नुसार जुन्या पद्धतीचं, पुरातन किंवा मोडकं शस्त्र परवान्यातून सुटतं. अट एकच : ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. आज गंजलंय, पण तेलपाणी करून चालू शकतं, असं असेल तर ते शस्त्रच. आणि चालतं की नाही हे आपण ठरवायचं नाही, तपासणी करणारे ठरवतात.

म्हणून सापडलं की घोडा दाबून पाहू नये, त्यात काडतूस असू शकतं. फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. पोलीस पाटलांना कळवावं, पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला फोन करावा. परवानाधारक वारला असेल, तर कलम २१ नुसार वारसांनी विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. नंतर वारस आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करू शकतो. परवानाधारक हयात असताना त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, तरीही वारसाला अर्ज करता येतो. वारशाच्या शस्त्राची नावनिशी कागदावर राहिली तरच ते घरात सन्मानाने राहतं.

परवाना कोणाला मिळतो?

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. वय किमान २१ हवं. पोलिसांचा अहवाल जातो, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. जिवाला धोका आहे, हे पटवून द्यावं लागतं. 'जमवायचा शौक आहे' हे कारण चालत नाही. अर्ज नामंजूर झाला तर अपील करता येतं. एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं, पूर्वी तीन होती. वारशाचं शस्त्रही त्या दोनमध्येच मोजलं जातं. नेमबाज खेळाडूंना वेगळी सवलत आहे. परवान्याची मुदत ५ वर्षं, आणि प्रत्येक परवानाधारकाचा नंबर देशाच्या ऑनलाईन नोंदीत असतो.

लष्कर-पोलिसांचं ९ एमएम किंवा पॉईंट ४५ चं पिस्तूल सामान्यांना बंद. परवान्यावर मिळतं ते बहुधा पॉईंट ३२ चं. सरकारी कारखान्यातलं 'अशनी' त्याच बोअरचं. आपल्या जिल्ह्यात वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात, तिथं प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवला जातो. भट्टीवरच्या पिस्तुलाची कुठलीच चाचणी नसते. लोखंड कच्चं निघालं तर नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. रानडुकरांनी मका, हरभरा, केळी उद्ध्वस्त केली की कट्टा घ्यायचा विचार काहींच्या मनात येतो. पीक संरक्षणासाठी कायद्यात तोंडाने भरायच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पिस्तुलाची नाही. आणि परवाना असला तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही.

शौक असेल तर रस्ता आहे

नेमबाजी हा सरळ मार्ग आहे. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. तोही खेड्यातलाच पोरगा. सुरुवात पॉईंट १७७ च्या एअर पिस्तुलाने होते, ती रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकासमोर करावी.

रीलमध्ये कमरेला पिस्तूल लावलेला फोटो पंधरा सेकंद दिसतो. पण तोच फोटो पोलिसांसाठी पहिला धागा असतो. त्यानंतर तारखा सुरू होतात, वकिलाची फी सुरू होते, पोलीस भरतीचं आणि सैन्याचं स्वप्न संपतं. पोराला सोडवायला बापाला कापूस घरात ठेवणं परवडत नाही, मिळेल त्या भावात विकावा लागतो. आपल्या तालुक्यात पहाटे उठून भरतीसाठी पळणारी शेकडो पोरं आहेत. त्यांच्यातल्या कोणी 'भाऊ, एक वस्तू आणून देतो, पाहशील का?' असं ऐकलं, तर तिथंच नाही म्हणावं आणि घरी मोठ्यांना सांगावं.