सव्वा हजार लिटर हवेचं काम

मोटर वीज खाते आणि पाणी गच्चीवर चढवते. पंखा वीज खातो आणि वारा देतो. प्रोसेसर वीज खाऊन काय देतो? गणितं, चित्रं, गेममधली युद्धं, हे सगळं खरंच. पण खाल्लेली वीज जाते कुठे असं भौतिकशास्त्राला विचारलं, तर उत्तर येतं: उष्णतेत. सगळीच्या सगळी! २५० वॅट आत गेले की २५० वॅट उष्णता बाहेर. तुमचा महागडा पीसी शेगडीइतकाच चोख हीटर आहे, फक्त तापता तापता हिशेबही करतो.

आणि ही उष्णता निघते नखाएवढ्या जागेतून. इंटेलचा कोअर आय९-१३९००के घ्या. पूर्ण भरात तो २५३ वॅट खातो आणि त्याची सिलिकॉनची चिप जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट. घरातली हजार वॅटची इस्त्री आठवा. तिचा तळ दोनशेएक चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे तिथे हिशेब पाच वॅटचा. इस्त्रीच्या वीसपट दाटीने तापणारी ही वस्तू १०० अंशांच्या आत ठेवायची, तीही तासन्‌तास.

नाही ठेवली तर? २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून पाहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून क्षणार्धात धूर निघाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग उतरवून तगला. आजचे प्रोसेसर सगळेच असे शहाणे झालेत. त्यामुळे ब्रँडेड पीसीत कंपनीने बसवलेला छोटा कूलर कमी पडला तरी धूरबीर निघत नाही. पंखा घोंघावतो, गेम अडखळायला लागतो, आणि मग डोक्यात येतं, लिक्विड कूलिंग करून घेऊ या.

जरूर करा. पण जुना एअर कूलर काढण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. थोडा बरा कूलर असेल तर त्यात तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या दिसतील. त्या भरीव नसतात. हवा काढून घेतलेल्या पोकळीत थेंबांच्या हिशेबात पाणी भरून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. दाब इतका कमी की आतलं पाणी चाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते आणि प्रत्येक ग्रॅम पाणी जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. वाफ पत्र्याच्या पात्यांकडे पळते, तिथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते. हे पाणी परत कसं येतं? नळीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं त्याच नियमाने पाणी त्या थरातून खेचलं जातं, वेळप्रसंगी चढावरही. ना मोटर, ना वीज, ना आवाज! कल्पनेचं पेटंट १९४०च्या दशकात जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी घेतलं होतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून कामाला लावली, आणि तेव्हा डोळ्यांसमोर पीसी नव्हता, अंतराळ होतं.

तर एअर कूलरच्या पोटात पाणी आहे. उलट, लिक्विड कूलरच्या शेवटी काय असतं? पंखे लावलेला रेडिएटर. दोघंही उष्णता अखेर हवेलाच देतात. मग एवढा खटाटोप कशासाठी?

एक छोटा हिशेब करू. २५० वॅट उष्णता वाहून न्यायची आहे आणि वाहणारा दहा अंशांनी तापला तरी चालेल. हवेकडून हे काम करून घ्यायचं तर मिनिटाला सव्वा हजार लिटर हवा लागते. पाण्याकडून? ३६० मिलिलिटर. सुमारे साडेतीन हजार पटींचा फरक. एवढी हवा प्रोसेसरच्या डोक्यावरच्या अरुंद जागेतून ढकलायची म्हणजे मोठी पाती, मोठे पंखे आणि मदरबोर्डला लटकलेलं किलोभर धातूचं धूड. पाणी मात्र बोटभर जाडीच्या दोन नळ्यांमधून तीच उष्णता कॅबिनेटच्या छतापाशी नेऊन टाकतं, जिथे ३६० मिलिमीटर लांबीचा रेडिएटर ऐसपैस पसरू शकतो. हवा तेवढीच लागते, पण आता ती मोकळ्या जागेत, मोठ्या पृष्ठभागावरून सावकाश वाहू शकते.

पण चिपमधली उष्णता पाण्यात शिरते कशी? धातूच्या सपाट पत्र्यावरून पाणी वाहू दिलं तर पत्र्याला चिकटलेला पाण्याचा पातळ थर जवळपास स्थिर राहतो आणि तोच वाटेत आडवा येतो. १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी यावर उलटा विचार केला. त्यांनी सिलिकॉनमध्येच केसाहून बारीक, सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीचे पाट कोरले. पाटच इतका अरुंद, की चिकटलेला थर जाड व्हायला जागाच नाही. त्या पाटांतून पाणी सोडून त्यांनी दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. आपल्या आय९च्या जवळजवळ आठपट, चाळीसेक वर्षांपूर्वी! आज बाजारात मिळणाऱ्या लिक्विड कूलरचा तांब्याचा ठोकळा उघडला तर आत याच कल्पनेचा अवतार दिसतो: कंगव्यासारखी दाट, बारीक तांब्याची पाती, आणि त्यांच्या फटींतून धावणारं पाणी.

पंपाची गंमत तर वेगळीच. फिरणारा दांडा भिंतीतून आत न्यायचा म्हटलं की तिथे सील आलं आणि सील म्हटलं की कधीतरी गळती आली. म्हणून दांडा आत नेतच नाहीत. चुंबक बसवलेलं चक्र पाण्यातच बुडालेलं असतं, विजेची वेटोळी प्लास्टिकच्या भिंतीपलीकडे कोरडी असतात, आणि फिरतं चुंबकी क्षेत्र भिंतीतून आरपार जाऊन चक्राला फिरवतं. मिनिटाला लिटरभर पाणी खेळलं तरी २५० वॅटला ते फक्त साडेतीन अंशांनी तापतं. येणारी आणि जाणारी नळी हाताने चाचपून बघा, फरक जेमतेम कळेल.

आता तुमच्या पीसीकडे येऊ. दुकानात जाण्याआधी बायोसमध्ये डोकावा. कंपनीने प्रोसेसरला ६५ वॅटवर बांधून ठेवलं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पैसे वाचवावेत. लिक्विडने वेग वाढणार नाही. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा आणि चांगला एअर कूलर बसवा. पुढे जायचंच असेल तर कॅबिनेट मोजा. कित्येक ब्रँडेड डब्यांत रेडिएटरला जागाच ठेवलेली नसते, काहींत कूलरचे स्क्रू मदरबोर्डऐवजी थेट पत्र्यात बसवलेले असतात, आणि पंपाची वायर बायोसला हव्या त्या पिनांवर लावली नाही तर पंखा बिघडल्याची तक्रार करत पीसी सुरूच व्हायचा नाही. जुना कूलर काढताना आधी पीसी थोडा तापवा, बंद करा, मग कूलर हलके पिळून सोडवा. पेस्ट सुकलेली असली तर एएमडीच्या जुन्या, पायांच्या प्रोसेसरसकट तो उपटून हातात येतो.

पेस्ट तरी कशाला, असं वाटेल. आरशासारखे दिसणारे दोन धातू एकमेकांवर दाबले तरी खरे टेकतात ते फक्त सूक्ष्म उंचवट्यांवर. बाकी खाचांत हवा. पेस्ट उष्णता नेण्यात हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस आणि तांब्याच्या चाळीसेक पटींनी मागे, म्हणून ती खाचा बुजवण्यापुरतीच हवी. आणि रेडिएटर शक्यतो वर लावा. नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी अगदी किंचित झिरपून उडतं, आत हवेचा बुडबुडा तयार होतो. तो वर रेडिएटरमध्ये जाऊन बसला तर निरुपद्रवी, पंपात शिरला तर खरखर सुरू.

एवढं सगळं झाल्यावरही २५० वॅट तुमच्या खोलीतच राहतात. ही उष्णता कामाला मात्र लावता येते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०१० साली आयबीएमच्या मदतीने उभारलेल्या अ‍ॅक्वासार या महासंगणकाला तर थंड करायला ६० अंशांचं गरम पाणी वापरत! चिप त्याहून गरम असते, तेवढं पुरतं, आणि बाहेर पडणाऱ्या आणखी गरम पाण्यावर इमारती उबदार ठेवता येतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेलेला आहे.

मात्र घरातल्या रेडिएटरला एक हद्द ओलांडता येत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर त्यातलं पाणी ४२च्या खाली यायचं नाही, किट कितीही महाग असो. नागपूरकरांनी मे महिन्यात आधी खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरमध्ये पाणी भरावं. तिथेही प्रत्येक ग्रॅम पाणी उडताना तेच २,४०० ज्यूल घेऊन जातं, आणि तेही बादलीभर पाण्याच्या भावात.