कानातले गाणे, कागदावरचे गाणे

लग्नाचा मांडव पडला की वाजंत्री आलीच. वाजंत्र्याशिवाय लग्नाला शोभा नाही.

आपले दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. त्याआधी ते एक खेडेच होते. दहिसर-बोरिवलीच्या बाजूला ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या लग्नात घुमट वाजते. घुमट म्हणजे मातीचे मडके. त्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची. दुसऱ्या हाताने उघडे तोंड झाकायचे, सोडायचे. मग मडके घुमू लागते. त्याच लग्नात पितळी बँडही असतो.

घुमट वाजवणाऱ्याला विचारा, "बाबा, कुठं शिकलात?" तो हसून म्हणेल, "शिकतोय कुठला! म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून ऐकलं, आणि हात चालू लागला." त्याचे गाणे त्याच्या कानात आहे.

बँडमध्ये मात्र काही जण असे असतात, की त्यांच्या पुढे कागद असतो. कागदावर पाच आडव्या रेघा. रेघांवर काळे-पांढरे ठिपके. ठिपका वर गेला की सूर चढवायचा. खाली आला की सूर उतरवायचा. ठिपक्याच्या आकारावरून सूर किती वेळ धरायचा ते कळते. आपण अ आ इ ई शिकलो ना? ही सुरांची अ आ इ ई आहे. हिला स्वरलिपी म्हणतात. हे झाले कागदावरचे गाणे.

आता पाहा, कागदाने काय साधते. विलायती पद्धतीचा मोठा वाद्यवृंद असतो. त्यात साठ, सत्तर, कधी शंभर वादक एकत्र बसतात. लहान-मोठी व्हायोलिने, बासऱ्या, पिपाण्या, पितळी कर्णे, नगारे. समोर एक जण काडी घेऊन उभा राहतो. तो स्वतः काहीच वाजवत नाही. नुसत्या हाताच्या खुणा करतो. वादकांनी ते गाणे पूर्वी कधी ऐकलेलेही नसते. तरी कागद पाहून सगळे जण एका वेळी वाजवतात. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. तोंडी शिकवायचे म्हटले तर शंभर जणांना किती दिवस लागतील?

पण कागदाला सगळेच जमते असे नाही. ठेका कागदावर उतरवता येतो. परंतु तो कुठे जरा रेंगाळायचा, कुठे उसळायचा, लोक नाचू लागले की कसा चढवायचा, हे कागदावर पुरते येत नाही. ते जुन्या वादकाच्या हातातच असते. म्हणून सिनेमाच्या संगीताला दोन्ही लागतात.

मुंबईत हे दोन्ही एकत्र कसे आले?

आपल्या देशात बोलपट सुरू झाला १९३१ साली. पुढे सिनेमाला मोठे वाद्यवृंद लागू लागले. संगीतकार पेटीवर चाल बसवी. पण ती साठ वादकांसाठी लिहून काढणार कोण? हे काम पुष्कळदा गोव्याच्या वादकांनी केले. गोव्यात पोर्तुगिजांच्या राज्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी शिकवत. ते वादक पोटासाठी मुंबईला आले. त्यांनी आपल्या रागदारीच्या आणि लोकगीतांच्या चाली ऐकल्या. मग त्या ठिपक्यांत लिहून वादकांपुढे ठेवल्या.

त्यांतले एक अँथनी गोन्साल्विस. ते गोव्यातील माजोर्ड्याचे. व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीतही. पुढे नामांकित झालेले संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ साली गोन्साल्विस यांनी मुंबईत स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. आपले राग आणि विलायती वाद्ये यांचा मेळ घालावा, ही त्यांची हौस होती. १९७७ साली एका हिंदी चित्रपटात त्यांच्या नावाचे गाणे आले. ते गाणे घरोघर गेले. पण अँथनी गोन्साल्विस नावाचा खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते? अशा अनेक वादकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत. इतरांची गाणी ज्यांनी कागदावर लिहिली, त्यांचेच नाव कोणी लिहिले नाही.

आता अलीकडची गोष्ट. २०१६ साली 'सैराट' नावाचा मराठी चित्रपट आला. नागराज मंजुळे यांनी तो सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या बाजूला काढला. संगीत अजय आणि अतुल गोगावले या भावांचे. या भावांनी संगीताच्या शाळेत बसून धडे घेतले नव्हते. गावोगावच्या जत्रा, भजने, बँड ऐकून त्यांचा कान तयार झाला. याआधी जोगते-जोगतिणींच्या जिण्यावरील 'जोगवा' चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता.

'सैराट'साठी या भावांनी अमेरिका गाठली. लॉस एंजेलिस शहराजवळच्या मोठ्या ध्वनिमुद्रण-शाळेत त्यांनी साठाहून अधिक वादकांचा वाद्यवृंद बसवला. त्या वादकांना करमाळा कुठे आहे, हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण त्यांच्या पुढे कागद होता. कागद पाहून त्यांनी मराठी चाल वाजवली. 'याड लागलं' या गाण्यात ती व्हायोलिने भरून येतात. आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट'ही आहे. त्यातला ठेका थेट आपल्या वरातीतला. म्हातारेसुद्धा म्हणाले, "अरे, हे तर आपल्याच दारातलं वाजतंय!"

इकडचे आणि तिकडचे वाजवणे जुळते कसे? अशा कामाची रीत सोपी आहे. सगळे एकाच खोलीत बसत नाहीत. ठेका वेगळा मुद्रित करतात. गाणे वेगळे. वाद्यवृंद वेगळा. प्रत्येक वादकाच्या कानाला यंत्र लावतात. त्यात घड्याळासारखी टकटक चालू असते. सगळे त्याच टकटकीवर वाजवतात. शेवटी एक कारागीर बसून हे निरनिराळे आवाज एकत्र करतो. कोणता वर ठेवायचा, कोणता खाली, हे तो ठरवतो. पाटा-वरवंट्यावर मसाला वाटावा तसे हे काम आहे. एक जिन्नस जास्त झाला की बाकीची चव गेली.

आपल्या ठेक्यांत हलगीचा ठेका मोठा. हलगी म्हणजे गोल कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. वाजवण्यापूर्वी ती विस्तवावर शेकतात. मग आवाज खणखणीत निघतो. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सांभाळली, त्यांना गावाने कसे वागवले? जत्रेला हलगी हवी, लग्नाला हलगी हवी. पण हलगीवाल्याला ओट्यावर चढू दिले नाही. त्याची कला घेतली, मान दिला नाही. हे आपण विसरू नये.

असेच दूर आफ्रिकेतही घडले. १९९४ साली अमेरिकेत 'लायन किंग' नावाचा चित्रांचा सिनेमा निघाला. 'लायन किंग' म्हणजे सिंह राजा. त्याचे संगीत हान्स झिमर यांचे. त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाला आफ्रिकेचे गाणे जोडले. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे गायक लेबो एम यांना सोबत घेतले. सिनेमा सुरू होताच झुलू भाषेतील त्यांची हाक घुमते. त्या संगीताला ऑस्कर हे मोठे बक्षीस मिळाले. लेबो एम यांचे नाव जगाला कळले. हे चांगले झाले.

पण त्याच सिनेमात दोन प्राणी एक जुने गाणे गुणगुणतात. ते मूळचे सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू माणसाचे. लिंडा खेड्यातून जोहान्सबर्ग शहरात कामाला आला होता. १९३९ साली त्याने आपल्या सोबत्यांसह ते गाणे तबकडीवर गायले. गाण्याचे नाव 'म्बुबे', म्हणजे सिंह. त्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले. गाणे पुढे अमेरिकेत पोहोचले. तिथे कागदावर दुसऱ्यांची नावे चढली. त्यांनी पैसा केला. लिंडा मात्र १९६२ साली गरिबीतच वारला. २००४ साली त्याच्या मुलींच्या वतीने कोर्टात दावा लागला. २००६ साली तडजोड झाली, आणि घराण्याला पैसे मिळू लागले. गाणे गायल्याला तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती!

यातून आपण काय घ्यावे?

आपल्या देशात १९५७ साली लेखक-कलावंतांच्या हक्कांचा कायदा झाला. २०१२ साली त्यात सुधारणा झाली. आता सिनेमाला गाणे लिहून दिले किंवा चाल बांधून दिली, तरी पुढच्या कमाईतला वाटा कवीला आणि संगीतकाराला मिळायला हवा, असे कायदा म्हणतो. परंतु कायदाही शेवटी कागद विचारतो. नाव कुठे आहे? सही कशावर केली?

तेव्हा वस्तीत कोणी गाणे मुद्रित करायला आले, तर आनंदाने गावे. पण आधी विचारावे, "हे कुठं वाजणार? आमचं नाव येणार ना?" पुढे कागद आला तर तो सबंध वाचावा. एक प्रत आपल्याजवळ मागून घ्यावी. कळले नाही तर जाणत्याला विचारावे. न वाचता अंगठा किंवा सही करू नये.

आणखी एक काम आपल्या हातात आहे. घरातली म्हातारी माणसे ओव्या म्हणतात. कोणी तारपा वाजवतो, कोणी घुमट, कोणी हलगी. सुरांची लिपी आपल्याला येत नाही. न का येईना! आपल्याला अक्षरे येतात. एक वही घ्यावी. गाणे कोणाचे, कोणाकडून शिकले, केव्हा म्हणतात, एवढे लिहावे. वर त्या माणसाचे नाव ठळक अक्षरांत घालावे.

गाणे कानात राहू द्या. पण नाव कागदावर असू द्या.